टेकडीवरचा धूर

मुख्य फौजेच्या अर्धा कोस पुढे, एका बोडक्या टेकडीवर एसिरकेप आणि त्याचा मावसभाऊ तोलेगेन यांचा पहारा होता. शत्रूचे, काल्मकांचे स्वार दिसले की ओल्या गवताची गंजी पेटवायची, एवढंच काम. भर दुपारी तोलेगेन घोड्यांना पाणी पाजायला पायथ्याशी उतरला आणि इकडे पूर्वेला धूळ उठली.

एसिरकेपने गंजी पेटवली. तळावर धावपळ उडाली. मग वाऱ्याने धूळ जरा बाजूला सारली, तेव्हा त्याला उंटांच्या रांगेत पांढरी शिरवस्त्रं दिसली. बायका होत्या. आपलीच माणसं, बिऱ्हाड हलवून निघालेली.

धावत उतरून घोडा फेकला असता तर तळावरून निघणाऱ्या आपल्या स्वारांना आडवं जाता आलं असतं. पण पंधरवड्यापूर्वीच रानगाढवांच्या कळपाला भिऊन त्याने धूर केला होता, आणि तेव्हापासून सगळा तळ त्याला ‘गाढवांचा सरदार’ म्हणत होता. जवळ गेल्यावर ओळखतीलच की, असं त्याने मनाला समजावलं. तो जागचा हलला नाही.

त्यांनी ओळखलं, पण पहिले बाण सुटल्यावर. अक्झुनूस नावाची बाई उंटाचा दोर हातात धरूनच कोसळली.

पहारेकऱ्याने धूळ पाहिली की धूर करायचाच, त्याची काही चूक नाही, असं फौजेच्या सरदाराने चारचौघांत सांगितलं. एसिरकेपला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेच त्याला सोसवेना. चौथ्या दिवशी तो अक्झुनूसच्या बापाच्या, बाईबोलच्या तंबूत गेला. म्हाताऱ्याने घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे ठेवला. एसिरकेपने त्याला हात न लावता सगळं सांगून टाकलं.

म्हाताऱ्याने विचारलं, “पांढरं दिसलं तेव्हा स्वार निघाले होते?”

“नाही, बाबा. खोगीरं कसत होते.”

“आणखी कोणाला सांगितलंस?”

“नाही.”

“मग सांगूही नकोस. माझी पोरं तुला मारतील, तुझे भाऊ त्यांना. मला आता आणखी कोणाला पुरायचं नाही. हे तुझं तूच वाहा.”

बाहेर अक्झुनूसचा धाकटा भाऊ एसिरकेपचा घोडा धरून उभा होता. पाहुण्याला देतात तसा आधार देत त्याने एसिरकेपला खोगिरावर बसवलं.

“एवढ्या लांबून भेटायला आलास, दादा,” तो म्हणाला. “बरं वाटलं.”