शनिवारी बारापर्यंत

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, आणि मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. एकदा एक अख्खी बोट माझ्या पानांत बुडाली.

बसला नाही ना विश्वास? ठीक आहे. जन्मापासून सांगतो.

मी छापला गेलो तेव्हा इतका जड होतो की मला उचलताना बांधणीवाल्याची कंबर लचकली. त्या दुखण्याचं इंग्रजी नाव त्यानं तिथेच, जमिनीवर बसून, माझ्यातच शोधलं. इंग्रजी शब्द, शेजारी चिनी, त्याच्या शेजारी जपानी, असा माझा थाट. पुढे एका जहाज कंपनीनं मला विकत घेतलं आणि दुभाषी बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी माझ्या समासात पेन्सिलीनं मराठी लिहिलं. साहेब पाहुण्यांना म्हणत, ‘‘हा आमचा शब्दकोश. याला येत नाही असा शब्द नाही.’’ मी फुगायचो. पावसाळ्यात तर जरा जास्तच.

मग एका सोमवारी कंपनीची एक बोट बेपत्ता झाल्याची तार आली. भिंतीवर सूचना लागली : घरच्यांचा इंग्रजी अर्ज शनिवारी दुपारी बारापर्यंत आला तर शोध आणखी पंधरा दिवस चालेल. नाहीतर बंद.

बोटीवर तारयंत्र सांभाळणारा तरुण बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता.

बाईंच्या खोलीत दोघं येऊन बसली. एक चिनी धोबीण आजी, तिचा मुलगा बोटीच्या भट्टीवर होता. एक जपानी सुतार, त्याचा जावई बोटीवरचा आचारी. अर्ज बाईंनीच लिहायचा होता.

‘‘त्यात काय एवढं?’’ हेडक्लार्क काका म्हणाले. ‘‘आम्ही काळजीत आहोत, शोध चालू ठेवा. सही करा, द्या टाकून.’’

‘‘काळजीला ‘वरी’ लिहू? छत्री विसरली तरी वरीच म्हणतात, काका. साहेब हलतील का त्यानं?’’

बाईंनी मला उघडलं. आणि मित्रांनो, मला चेव चढला. ‘वरी’चा जुना अर्थ गळा दाबणं, हे मी दाखवलं. त्यावरून ‘अँग्झायटी’कडे नेलं, तिच्या मुळाशीही आवळणंच. तिथून ‘सस्पेन्स’, म्हणजे टांगून ठेवणं. ‘‘जीव टांगणीला लागतो, तेच की हे!’’ बाई उद्गारल्या आणि लिहू लागल्या.

बुधवारी आजीनं टेबलावर ओल्या बोटानं दोन अक्षरं काढली. एकात ‘वर’ आणि त्याच्याखाली हृदय, दुसऱ्यात ‘खाली’ आणि त्याच्याखाली हृदय.

‘‘अगं बाई! आमचाही जीव खालीवरच होतो!’’

दोघी हसल्या. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. सुतारानं काळजीचा जपानी शब्द ‘शिनपाइ’ सांगितला : एक अक्षर हृदयाचं, एक वाटून देण्याचं. ‘‘जावयाला मीच पाठवलं,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या वाट्याला फार थोडं उरलंय.’’ बाईंनी तेही लिहिलं.

‘‘बाई, शुक्रवार आहे आज,’’ काका म्हणाले. ‘‘नाव बुडतेय आणि तुम्ही पाण्याचे समानार्थी शब्द शोधताय!’’

‘‘एकच राहिलाय, काका. आहे की नाही तेच माहीत नसलेल्या माणसासाठी काय वाटतं, त्याला शब्द सापडत नाहीये.’’

तो माझ्यात नव्हता. मला ते ठाऊक होतं. पण ‘माझ्याकडे नाही’ म्हणायची लाज वाटली. म्हणून वाऱ्याची झुळूक आली की मी आपणहून पुढचं पान उघडून द्यायचो. शनिवारी सकाळी टंकलेखनाला दिला तेव्हा अर्ज अकरा पानांचा झाला होता. मोडकं टंकयंत्र, एकच बोट चालणारा टंकलेखक. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

म्हणून सांगतो, मित्रांनो, शब्दकोशाला जपा, पानाला थुंकी लावू नका. पण कुणाचा जीव अडकला असेल तेव्हा त्याला मिटून ठेवा.

अरे, तोंडं अशी पाडू नका! शेवट गोड आहे. साहेबांनी अकराच्या अकरा पानं वाचली. डोळे पुसले. म्हणाले, ‘‘वीस मिनिटांचं काय एवढं!’’ आणि नवव्या दिवशी बोट धक्क्याला लागली. आधी आजीचा मुलगा उतरला, मागून आचारी, आणि सगळ्यांत शेवटी बाईंचा भाऊ, हात हलवत...

‘‘थापाड्या!’’

या बंद कपाटाच्या खालच्या फळीवरून आवाज आला. कंपनीचा रबरी शिक्का होता.

‘‘साहेबांनी पान उलटलंसुद्धा नाही. घड्याळ बघितलं आणि मला उचललं. बाई समोर उभ्या होत्या. तुझ्यासारखा मी विद्वान नाही, बाबा. मला ‘शोध बंद’ एवढे दोनच शब्द येतात. त्या दिवशी तेवढे पुरले.’’