हरिबांच्या गालावरचे वण

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. चौसाळ्यात हायवेला लागून त्रिंबकभाऊंचं फोटोचं दुकान आहे, तिथे एका कोपऱ्यात बसून असतो. म्हातारं माणूस ओट्यावर बसतं ना, तसा. कुणी उठवलं तर उठायचं, नाहीतर डोळे मिटून पडायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला असं काही मला सांगता येत नाही. बीडच्या एका दुकानात डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचा असं गोळा करून मला जोडलं. तिथून एसटीने, त्रिंबकभाऊंच्या मांडीवर बसून, खड्ड्याखड्ड्याला जीव मुठीत धरून मी चौसाळ्याला आलो. त्यांच्या मंडळींनी, सत्यशीलाताईंनी, दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि डब्याला हळदकुंकू लावलं. यंत्राला कसली दृष्ट लागणार, म्हणून भाऊ हसले. ताईंचा मंगळवारचा देवीचा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी त्या उगीच वाद घालत नसत.

माझ्या पोटात चित्रं काढायचं एक साधं सॉफ्टवेअर होतं. पेन्सिल, ब्रश, रंगाची बादली, खोडरबर, बस्स. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ताई माझ्यापुढे येऊन बसायच्या. आधी नुसते रांगोळीचे ठिपके मांडायच्या. मग ठिपक्यांतून रेघ ओढता येऊ लागली. रेघेची वेल झाली, वेलीचं तोरण झालं. लग्नपत्रिकेवरचे कलश काढले, शाळेच्या तक्त्यासाठी बैल काढला, ज्वारीचं कणीस काढलं. त्यांचा हात माऊसवर इतका हलका पडायचा की मला शेवटपर्यंत कधी दमल्यासारखं झालं नाही.

दम लागला तो भाऊंच्या कामाने. भाऊंकडे फोटो साफ करायचा एक ब्रश होता. तो गालावरून फिरवला की डाग गेले, सुरकुत्या गेल्या, ऊन गेलं. नवरदेव गोरा, नवरी गोरी, वाढदिवसाच्या बॅनरवरचे पुढारी गोरे, त्यांच्या खाली ओळीने चिकटवलेले कार्यकर्ते त्याहून गोरे. लोक म्हणायचे, "त्रिंबककडं फोटो काढा, माणूस सिनेमातला दिसतो." असं कौतुक ऐकून मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू? पण रानात राबून काळवंडलेली कपाळं पांढरी करता करता मी थकत गेलो. सगळी माणसं एकाच घरची दिसायला लागली.

पुढे जो तो आपल्या मोबाईलवरच गोरा होऊ लागला. माझ्यावर प्लास्टिकचं कापड आलं, कापडावर रिकाम्या फ्रेमी आल्या, फ्रेमींवर चहाचे ग्लास. माझा पंखा घरघरायचा. वीज गेल्यावर मला सांभाळणारी बॅटरी तर कधीच मेली होती. नवी आणू, नवी आणू म्हणता म्हणता ती राहूनच गेली.

अशातच एका मंगळवारी सोमनाथ दुकानात आला. त्यांची मेंढरं आहेत. त्याचे वडील हरिबा वारले त्याला वर्ष होत आलं होतं, दुसऱ्या दिवशी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. त्याची आई कडूबाई सोबत आली होती, पण ती बाहेर पायरीवरच बसली.

हरिबांचा उभ्या जन्मात एकच फोटो होता. नारायणगडाच्या जत्रेत त्यांनी बटणांचा फोन घेतला, तेव्हा कॅमेरा चालतो का ते बघायला विकणाऱ्याने सहज काढलेला. फोनचं नखाएवढं कार्ड सोमनाथने भाऊंच्या हातात ठेवलं.

"भाऊ, मोठा करून द्या. आन् बाच्या तोंडावर देवीचे वण हायत, तेवढे काढा. उद्या सोयरे येनार हायत. जरा उजळ दिसू द्या."

"दोन मिनिटाचं काम हाय," भाऊ म्हणाले.

मित्रांनो, माझ्या कामात एक शिस्त असते. कार्डावरचा फोटो आधी माझ्याकडे उतरवून घ्यायचा, मूळ प्रत तशीच ठेवायची आणि दुसऱ्या प्रतीवर हात चालवायचा. भाऊंना ते माहीत नव्हतं असं नाही. पण दोन मिनिटांच्या कामाला कोण शिस्त लावतो? त्यांनी फोटो कार्डातच उघडला, दोन्ही गालांवरून ब्रश फिरवला आणि जतन करायचं बटण दाबलं. मी आज्ञेचा ताबेदार. जुन्या चेहऱ्यावर नवा चेहरा बसवून मोकळा झालो.

"या मावशी, बघा तुमचे मालक!" भाऊंनी हाक मारली.

कडूबाई आत आल्या. माझ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"कोन हाय ह्यो?"

"माय, बाच हाय की," सोमनाथ म्हणाला.

"ह्ये मालक न्हाईत. ह्यो कुनी बँकेतला साहेब हाय." मग त्यांचा आवाज बदलला. "वण कुटं गेले?"

"काढले. चांगलं दिसाया पाहिजे न्हवं, चार लोकांत."

"कावून काढले? लहानपनी देवी आलती त्यायला. आळीतली लेकरं नेली तिनं, त्यायला तेवढं ठिवलं. जाताना खूण करून गेली. देवीची खूण पुसता व्हय रं तुमी?"

"मावशी, रागावू नका," भाऊ घाईने म्हणाले. "आत्ता मागं फिरवतो. एक बटण दाबलं की झालं." त्यांनी हात पुढे केला आणि लाईट गेली.

बराच वेळ मी अंधारात होतो. वीज आली, कण्हत कुंथत मी उठलो. भाऊंनी कार्ड उघडलं. आत तोच बँकेतला साहेब. मागे फिरायच्या पायऱ्या विजेबरोबर गेल्या होत्या. भाऊंनी माझ्या पोटात शोधलं, कार्डात शोधलं, पुन्हा माझ्या पोटात शोधलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यावरूनच कडूबाईंना उमगलं.

"म्हंजी दुसऱ्यांदा गेले म्हना," त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

सोमनाथ दाराकडे तोंड करून उभा राहिला.

घरून भाऊंचा डबा घेऊन सत्यशीलाताई आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली, देवीचं नाव घेतलं आणि खुर्ची ओढली. आधी फोटोची प्रत काढून बाजूला ठेवली. मग ते जुनं, साधं सॉफ्टवेअर उघडलं आणि हरिबांचा गाल इतका मोठा केला की त्याचे नुसते चौकोन चौकोन दिसू लागले.

"मावशी, वर बसा अशा, माझ्याजवळ. वण कुठं कुठं होते, बोट ठेवून सांगा. मी काढते."

"पुसलेलं काडता येतं व्हय लेकी?"

"बघू. देवीच्या मनात असंल तर येईल."

कडूबाईंनी माझ्या काचेवर बोट ठेवलं. मेंढरांची लोकर कातरून राठ झालेलं बोट ते. "हितं एक. बाजरीच्या दान्याएवढा. त्येच्या खाली दोन, जुळ्या लेकरावानी. ह्यो लई खोल हाय, ह्येच्यात घाम साचायचा."

ताई गालाचाच रंग उचलायच्या, किंचित गडद करायच्या आणि एकेक चौकोन भरायच्या. कडेला थोडी उजेडाची रेघ द्यायच्या. जमलं नाही तर पुसायचं, पुन्हा काढायचं. थोडं झालं की नव्या नावाने जतन करायचं. डावा गाल असा भरत आला. साहेब मागे सरू लागला.

उजव्या गालापाशी मात्र कडूबाईंचं बोट थांबलं.

"त्या अंगाचं न्हाई सांगता येत. वाटनं चालताना मी जल्मभर डाव्या अंगालाच ऱ्हायले."

"अंदाजानं द्या चार ठिपके," भाऊ हळूच म्हणाले. "कुनाला कळतंय?"

"मला कळंल की," कडूबाई म्हणाल्या.

ताईंनी माऊसवरचा हात उचलला.

"कानाच्या खाली तीन हायत." सोमनाथ बोलला. अजून त्याचं तोंड दाराकडेच होतं.

"तुला रं कसं ठावं?"

"उजव्या खांद्यावर बसवायचा न्हवं मला, मेंढरामागं जाताना. पडू नये म्हनून मी गाल धरायचो. बोटं बराबर बसायची त्या खड्ड्यांत." तो पुढे आला. माझ्या काचेवर त्याने तीन बोटं टेकवली. ती एकमेकांना खेटली, जागेवर बसेनात. "आता मावत न्हाईत," तो म्हणाला, आणि मग एकाच बोटाने एकेक जागा दाखवू लागला. मधेच खांद्यावरच्या रुमालाने त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, त्या दुपारी माझं अंग भट्टीसारखं तापलं होतं. मधेच बंद पडतो की काय, अशी धास्ती होती. इतकी वर्षं बंद पडावंसं वाटत आलं, त्या दिवशी मात्र वाटलं नाही. वीजही टिकली. ऊन कलता कलता प्रिंटरमधून फोटो निघाला.

जवळून बघितलं तर ते वण हाताने काढलेत हे कळतं. काही ठिकाणी ठिपका सांडल्यासारखा झालाय. ताईंनी फोटो कडूबाईंसमोर धरला. कडूबाईंनी तो हातात घेतला नाही. झटकन पदर डोक्यावर ओढून घेतला, सावरून बसल्या, आणि नजर खाली केली. मालक समोर आले की बसायच्या, तशा.

आता मी अधूनमधूनच सुरू होतो. अंगावर पुन्हा फ्रेमी आल्या आहेत, त्याची तक्रार नाही. एक मागणं आहे. बाळांनो, कुणाचा चेहरा सुधारायला घ्याल तेव्हा आधी मूळ प्रत वेगळी ठेवा. आणि ज्यांच्या घरचा तो चेहरा आहे, त्यांना समोर बसवून विचारा, काय राहू देऊ. याला वेळ लागतो. लागू द्या. आमच्यासारख्या जुन्यांनाही हळू चालणंच सोसतं.