ठकीचं माहेरपण

साठीला टेकेपर्यंत जयंतीने आयुष्यात काही गोळा केलं नव्हतं. तिकिटं नाहीत, नाणी नाहीत, साड्यासुद्धा बेताच्याच. विमा कंपनीतली नोकरी, घाटकोपरचं घर, नवरा शरच्चंद्र आणि मुलगा केयूर, एवढ्यात तिचं छान भागलं होतं. आणि आता निवृत्तीनंतर ही शहाणीसुरती बाई गवतात लपलेल्या राक्षसांच्या मागे लागली होती.

त्याचं असं झालं. केयूर आणि त्याची बायको सपना नोकरीसाठी बंगळूरला गेले, तेव्हा दोघांनी गेम खेळायची नवी यंत्रं घेतली आणि जुनी आपापल्या आईकडे टाकून दिली. या दोघांचं जमलंच होतं मुळी त्या राक्षसांच्या खेळावरून. केयूर फोनवर म्हणाला, ‘‘आई, मधूनमधून चार्ज कर हं, नाहीतर बॅटरी जाईल.’’ म्हणून जयंतीने एका दुपारी ते चार्जिंगला लावलं. पडदा उजळला, त्यावर एक म्हातारा उगवला आणि त्याने मोठ्या अदबीने विचारलं, आपलं नाव काय? निवृत्त झाल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने नाव टाकलं आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली.

म्हाताऱ्याने तीन पिल्लं पुढे ठेवली आणि म्हणाला, यातलं एक तुमचं. एक अंगभर काट्यांचं, एक किटलीसारखं वाफा सोडणारं, आणि एक गोल, ओलसर, डोक्यावर शेंडी असलेलं ध्यान. घराच्या फरश्या निवडताना लावला नव्हता एवढा वेळ जयंतीने लावला. काटेवालं नि वाफेवालं कुणीही घेईल, या ध्यानाला कोण विचारणार, असं म्हणून तिने तिसरं उचललं आणि त्याचं नाव ठेवलं ठकी.

मग काय विचारता! त्या खेळातलं जगच अजब. कुणाच्याही घरात न विचारता शिरायचं, कपाटं उघडून बघायची, आणि घरमालकाने रागवायचं सोडून वर आपल्यालाच औषधाची बाटली द्यायची. ‘‘आपल्या बिल्डिंगमध्ये करून बघा असं,’’ ती शरच्चंद्राला म्हणाली, ‘‘पोलीस बोलावतील.’’ गवतात पाऊल टाकलं की राक्षस समोर. त्याला जरा दमवायचा आणि वर त्याला कोंडायची डबी फेकायची. डबी एकदा हलते, दोनदा हलते, आणि तोवर आपला जीव टांगणीला. झाकण लागलं की जयंती ‘‘आली, आली!’’ म्हणून अशी ओरडायची, की शरच्चंद्राला वाटायचं कामवाली आली.

राक्षसांना तिने भराभर नावं ठेवली. गुहेत उलटं लटकून सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या वटवाघळाला सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव, देवव्रत. पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्या आणि कधीच वेळेवर न पोचणाऱ्या गोगलगाईला आपल्या धाकट्या भावाचं. एखादा राक्षस हरून कोलमडला की ती ‘‘सॉरी हं बाळा’’ म्हणायची. तो मरत नाही, नुसती चक्कर येऊन पडतो, हे कळल्यावर तिला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी तिने शिरा केला. एरवी स्वयंपाकाचे हालच होते. दूध उतू जायचं, भाजी लागायची, आणि शरच्चंद्र बिचारा खरवडून खायचा. ‘‘अगं, ऑफिसात होतीस तेव्हा जास्त घरात होतीस,’’ एवढंच तो म्हणाला.

हा सगळा आनंद एका किल्ल्यापाशी येऊन अडला. किल्ल्यात एक मिशाळ सरदार, त्याच्याकडे दगडाचे राक्षस, आणि त्यांच्यापुढे ठकी उभी राहिली रे राहिली की आडवी. केयूरने फोनवर सांगितलं, ‘‘ठकी अशी कितीही खेळवलीस तरी मोठी होणार नाही. तिला दुसऱ्याच्या यंत्रात पाठवावं लागतं. तिकडे पोचली की ती मोठी होते. बदल्यात त्यांचा एक राक्षस आपल्याकडे येतो. मग पुन्हा अदलाबदल करायची, की झालं.’’

‘‘दुसरं यंत्र कुणाकडे आहे पण?’’

‘‘सपनाच्या आईकडे आहे ना!’’

जयंतीने फोन ठेवला. विहीणबाईंकडे जायचं तर मध्ये एक कप होता.

सपनाच्या आई, सोनूबाई, महापालिकेच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. यजमान भीमराज जाऊन बरीच वर्षं झालेली. साकीनाक्याला त्या एकट्या राहत. लग्न ठरलं तेव्हा त्या पहिल्यांदा घाटकोपरला आल्या, तर जयंतीने हौसेने शोकेसमधले सोनेरी काठाचे नवेकोरे कप काढून त्यात चहा दिला. आपण तिघांनी नेहमीच्या स्टीलच्या पेल्यांत घेतला. तिच्या लेखी तो मान होता. सोनूबाईंनी एकदा आपल्या कपाकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पेल्यांकडे, आणि अर्धा चहा कपात तसाच ठेवून उठल्या. बौद्ध घरातल्या बाईपुढे आपण वेगळं भांडं ठेवलं, हे जयंतीच्या डोक्यात शिरलं ते त्या गेल्यावर, भांडी विसळताना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे आता बोलायचं कसं? बोललं नाही तर गैरसमज राहतो आणि बोललं तर आणखी वाढतो. त्यानंतर दोघी भेटल्या त्या लग्नात आणि दिवाळीच्या डब्यांपुरत्या. अगदी गोड, अगदी सांभाळून.

पण ठकीसाठी तिने फोन लावला.

‘‘जय भीम, बोला विहीणबाई.’’

‘‘नमस्कार. अहो, एक विचित्रच काम होतं,’’ म्हणून जयंतीने सगळं सांगितलं. पलीकडे सोनूबाई एकदम खिदळल्या. ‘‘अगं बाई! तुम्ही पण खेळता? मला वाटलं मीच एकटी येडी!’’

शुक्रवारी जयंती मेट्रोने साकीनाक्याला गेली. दोघी पलंगावर शेजारीशेजारी बसल्या, यंत्रं जोडली. सोनूबाईंनी बदल्यात एक कर्कश लाल पक्षीण दिली. तिचं नाव मेट्रन. ‘‘आमच्या वॉर्डातली अशीच ओरडायची,’’ त्या म्हणाल्या. ठकी पडद्यावरून निघाली, सोनूबाईंच्या पडद्यावर उतरली, लखलखाट झाला आणि शेंडीवाल्या ध्यानाची चांगली थोराड, सुळेवाली, दांडगट बाई झाली. दोघींनी एकाच वेळी किंकाळी फोडली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

‘‘आता परत करता ना?’’ जयंतीने विचारलं.

‘‘लगेच?’’ सोनूबाई म्हणाल्या. ‘‘आत्ता तर आली. लेक दारात आली की त्याच पावली धाडतं का कुणी? माझी लेक तुमच्या घरात दिली ना मी? मग तुमची राहू द्या की माझ्याकडं दोन दिवस.’’

नाही म्हणावं, तर पुन्हा तोच कप. तेवढ्यात सोनूबाईंनी चहा आणला. जयंतीला फुलाफुलांचा चिनीमातीचा कप, आणि स्वतःला स्टीलचा पेला. जयंतीने कपाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा तिला नेमकं कळलं की त्या दिवशी सोनूबाईंना घशाखाली चहा का उतरला नव्हता. यांनी मुद्दाम दिला, की मानाने दिला? विचारायची तिची छाती झाली नाही. ती मेट्रनला घेऊन घरी आली.

मेट्रन काही केल्या तिचं ऐकेना. ‘चोच मार’ म्हटलं की पाठ फिरवून पंख साफ करत बसायची. शनिवारी संध्याकाळी जयंतीने बंगळूरला फोन लावून सुनेकडे तक्रार केली, तर सपना किंचाळलीच.

‘‘आई! तुम्ही ठकी तिकडेच ठेवून आलात? अहो, आमची आई दर रविवारी अख्खा खेळ पुसते आणि पहिल्यापासून सुरू करते! तिला फक्त सुरुवात आवडते. तो म्हातारा नाव विचारतो ना, ते आवडतं. आत जे काय असेल ते सगळं जातं!’’

‘‘म्हणजे ठकी...’’

‘‘वाट लागली म्हणून समजा!’’

जयंतीने लगेच फोन केला, तो बंद. सकाळी केला, तर नुसता वाजत राहिला. मग मात्र तिचा धीर सुटला. वेणीफणी नाही, घरातल्या ड्रेसवर ओढणी टाकलेली, एका पायात स्वतःची चप्पल नि दुसऱ्यात शरच्चंद्राची, अशी ती मेट्रोत चढली. असल्फा स्टेशन आलं, गेलं. डोंगरावरची रंगीत घरं बघायची शुद्ध तिला नव्हती. ज्या राक्षसाला स्वतःचा पायसुद्धा नाही त्याच्यासाठी आपण रडकुंडीला आलोय, हे तिला कळत होतं, आणि कळूनही रडू येतच होतं. ठकी गेली तर गेली, पण मग विहीणबाईंशी उरलंसुरलंही जाणार. आपण वर वर ‘काही नाही हो’ म्हणणार आणि आयुष्यभर मनात धरून बसणार, अगदी त्यांनी तो कप धरला असेल तसाच.

सोनूबाईंच्या दाराला कुलूप. ती जिन्यावरच बसली. थोड्या वेळाने खालून पांढरीशुभ्र साडी नेसलेल्या सोनूबाई वर आल्या. रविवारची वंदना करून विहारातून येत होत्या. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला.

‘‘ठकी आहे ना?’’ जयंतीने ना नमस्कार केला ना काही.

सोनूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि जिन्याचा कठडा धरून हसत सुटल्या. ‘‘सपनानं सांगितलं वाटतं! अहो, पाहुणी घरात असताना कुणी घर पाडतं का?’’

आत जाऊन त्यांनी यंत्र उघडलं. ठकी होती. नुसती होती काय, किल्ल्यातल्या मिशाळाला लोळवून ती पार पलीकडच्या बंदरावर पोचली होती. ‘‘तिला जरा हिंडवावं म्हटलं,’’ सोनूबाई म्हणाल्या, ‘‘तर मीच पहिल्यांदा एवढ्या लांब गेले. मला कुठं माहीत होतं, पुढं समुद्र आहे म्हणून!’’

यंत्रं पुन्हा जोडली. ठकी घरी परतली. तिच्या हातात काहीतरी चमकत होतं. जयंतीने डोळे बारीक करून पाहिलं, तर शिंपल्याचं कडं. खेळाच्या सुरुवातीला पहिल्या गावातली आजी ते एकदाच देते, आणि जयंतीने आपलं केव्हाच भलत्याला घालून घालवलं होतं.

‘‘अहो, हे तुमचं...’’

‘‘लेकीला रिकाम्या हातानं धाडत नाहीत आमच्यात.’’

‘‘आमच्यातही नाही हो!’’ जयंती म्हणाली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मेट्रन परत गेली होती ती हात हलवत. दोन दिवस ठेवून घेतली आणि एक साधं बोरसुद्धा तिच्या चोचीत दिलं नव्हतं. ‘‘अगं बाई! मी तुमची मोकळीच पाठवली!’’

‘‘मग?’’ सोनूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. ‘‘असं चालायचं नाही. घेऊन जा परत. नीट चार दिवस ठेवा, काहीतरी घाला अंगावर, आणि मग आणा.’’

बदल्यात देवव्रत वटवाघूळ तिकडे गेलं आणि मेट्रन पुन्हा इकडे आली. आली तशी पाठ फिरवून बसली.

‘‘चहा टाकते,’’ म्हणून सोनूबाई उठल्या. जयंतीही मागोमाग ओट्यापाशी गेली. फडताळात फुलाफुलांचा कप दर्शनीच होता. त्याच्याकडे हात न नेता तिने रॅकवरून स्टीलचे दोन पेले काढले, विसळले आणि शेजारीशेजारी ठेवले.

‘‘सोनूताई, त्या दिवशी आमच्याकडे तो सोनेरी कप...’’

चहा भांड्यात वर चढला तेव्हा सोनूबाईंनी गॅस बारीक केला. ‘‘मला लागलं होतं ते,’’ त्या सरळ म्हणाल्या. ‘‘परवा तुम्हाला द्यायला मी माझाही चांगला कप काढला. तुम्ही गेल्यावर एकटीच हसत बसले. म्हटलं, बाई गं, मी पण तेच केलं की.’’

आणि त्यांनी दोन्ही पेले काठोकाठ भरले, इतके की उचलताना दोघींची बोटं भाजली आणि दोघी फुंकरा घालत पलंगावर येऊन बसल्या.

‘‘मग आज रविवार,’’ जयंतीने भीतभीत विचारलं, ‘‘पुसणार नाही ना? पहिल्यापासून करणार नाही?’’

सोनूबाईंनी पेल्यातला चहा फुर्रकन ओढला आणि यंत्र मांडीवर घेतलं. ‘‘सुरुवात झाली की आता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सरका जरा. बघू समुद्रापलीकडं काय आहे ते.’’