प्रकृती स्थिर

पत्रात लिहिलं होतं, 'रुग्णाची प्रकृती स्थिर आढळल्याने सेवा महिनाअखेर थांबवण्यात येत आहे.' लेकीनं ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई स्थिर होती, हे खोटं नव्हतं. पण ती स्थिर राहावी म्हणून आठ महिने कोण राबलं, याला त्या फॉर्मात चौकट नव्हती. चोख सांभाळलं त्याची ही बक्षिसी! पाठीला जखमा होऊ दिल्या असत्या, तर सेवा सुखेनैव चालू राहिली असती.

आईच्या हाडांत कॅन्सर उतरला होता. इस्पितळानं हात वर केले, तेव्हा ही संस्था पुढे आली. बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं त्याच्या घरी जाऊन हलकं करायचं आणि त्याला सांभाळणाऱ्यालाही कोसळू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. आठवड्यातून दोनदा सिस्टर यायच्या, मॉर्फिनची मात्रा बघायच्या, आणि जाताना लेकीला 'तुम्ही जेवलात का?' असं विचारायच्या. हा प्रश्न तिला जगात दुसरं कुणी विचारत नव्हतं. गुरुवारी एक निवृत्त पोस्टमन तीन तास आईजवळ बसायचे. तेवढा वेळ लेक शेजारच्या खोलीत दार लावून मेल्यासारखी झोपायची.

घोळ तसा दोघींनी मिळूनच घातला होता. सेवा पुढे चालू ठेवायची का ते बघायला संस्थेच्या तपासनीस बाई येणार म्हणून लेकीनं आईला पुसून घेतलं, वेणी घातली, इस्त्रीचा गाऊन चढवला. घरी माणूस येणार, तर नीट दिसायला नको? आणि आईनं बत्तीस वर्षं बस डेपोत तिकिटं फाडलेली. समोर कुणी प्रश्न घेऊन उभं राहिलं की तिच्या अंगात वारं शिरायचं.

"दुखतं का, आजी?"

"वयाप्रमाणे दुखतं. तुमचं नाही दुखत?"

"उठता येतं का?"

"उठून जायचंय कुठे?"

बाई खळखळून हसल्या. टॅबवर पटापट खुणा केल्या आणि 'आजी भारी आहेत हं' म्हणून गेल्या. दहा दिवसांनी पत्र आलं.

"खरं सांगायला तुला काय धाड भरली होती?" लेक पत्र नाचवत ओरडली.

"परक्या बाईपुढे रडगाणं गाऊ?" आई म्हणाली. "ते माझ्यानं नाही व्हायचं, चिमे."

ही चिमी बावन्न वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानातली काचा घासायची नोकरी सोडून बसलेली, कंबरेला पट्टा बांधलेली. सिस्टर यायच्या बंद झाल्या की आईला सरकारी वॉर्डात टाकावं लागणार, हे तिला लख्ख दिसत होतं. आईला याच घरात, याच पलंगावर शेवट हवा होता. लेकीनं तसा शब्द दिला होता.

सिस्टरनी फेरतपासणीचा अर्ज भरून दिला. दाराशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी त्यांचं आवरू नका. आहे तसं बघू द्या."

"घाणीत ठेवू म्हणता?"

सिस्टर चपलेचा पट्टा लावत राहिल्या. सांगताना त्यांनाही लाज वाटत होती.

ठरल्या दिवशी लेकीनं सकाळी साडेसातपर्यंत कळ काढली. मग बादली उचलली. मदत मिळावी म्हणून आईला ओल्यात लोळवायचं? चुलीत गेली असली मदत! तिनं आईला रोजच्यासारखं स्वच्छ केलं आणि पावणेअकराला बेल वाजली तशी स्वतःवरच चरफडत दार उघडायला गेली.

त्याच बाई, तोच टॅब. "अरे वा, आजी तर आणखी टवटवीत!"

आईनं मान ताठ केली. बाईंनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि लेक आडवी आली.

"अकरा वाजले. हिची कूस बदलायची वेळ झाली. रोज मी एकटी करते, आज तुम्ही आहात. त्या बाजूनं चादर धरा."

"अहो, रुग्णाला हात लावणं आमच्या नियमात..."

"नियम त्या खुर्चीवर ठेवा आणि चादर धरा. कागदावर आईचा निकाल लावता, मग दोन मिनिटं हात लावायला काय होतंय?"

लेकीचा चेहरा बघून बाईंनी टॅब खाली ठेवला. चादर धरली. लेकीनं दाखवलं तशी, सावकाश, खांदा आणि कंबर एकदम वळेल अशी ओढली. आणि आई ओरडली.

साधं नाही, गुरासारखी ओरडली. बाईंनी चादर सोडली. आई डोळे मिटून धापा टाकत होती, घामानं गाऊन अंगाला चिकटला होता. लेकीनं तिला उशीचा आधार दिला. बाईंनी खुर्चीवरचा टॅब उचलला, उभ्यानंच काहीतरी लिहिलं. "सेवा चालू राहील," म्हणाल्या. पाणीसुद्धा न घेता गेल्या.

लेक दार लावून आली. मिळवायचं ते मिळालं होतं, पण अंगाचा नुसता जाळ झाला होता. आईची किंकाळी ऐकवल्याशिवाय यांना पाझर फुटत नाही!

"माझंच चुकलं, आई. त्या बाईचा हात अडाणी. तिला लावायलाच नको होतं."

"हात चांगला होता तिचा," आई म्हणाली. "तुझ्यासारखाच."

"मग एवढी ओरडलीस?"

आई छताकडे बघत म्हणाली, "रोजच येतं तोंडाशी. गिळते. तू आधीच मेटाकुटीला आलेली, त्यात माझी बोंब कुठे ऐकवू? आज म्हटलं, कामाला येतंय तर सोडावं."

लेकीनं मनाशी हिशेब केला. दिवसातून सहा वेळा, आठ महिने. आणि आपला हात हलका म्हणून ती सिस्टरपुढे फुशारक्या मारत होती. तिनं फोन घेतला.

"सिस्टर, आत्ता या. उद्या नाही, आत्ता. हिला प्रत्येक वेळी दुखतंय, कूस बदलताना."

"अहो, मग अर्धा तास आधी जादा मात्रा द्यायची असते. मला सांगितलं का नाहीत?"

"हिनं मला सांगितलं नाही, मी तुम्हाला कुठून सांगू!"

"निघते," सिस्टर म्हणाल्या.

"उगाच त्या बिचारीला पळवतेस," आई पुटपुटली.

"तू गप्प बस!" लेक कडाडली. मग आपण काय बोललो ते तिच्या कानांवर आलं. ती पलंगाशी वाकली, आईचं मनगट घट्ट धरलं. "नाही. गप्प नको बसूस. दुखलं की ओरड. शेजारीपाजारी गोळा झाले तरी होऊ देत. ओरड, आई."