पन्नीतल्या पावत्या

समीनाने स्कॅनरची काच ओढणीच्या टोकाने पुन्हा पुसली, जनकाबाईंची बियाण्याची पावती तिच्यावर पालथी ठेवली आणि झाकण दाबलं. पडद्यावर परत पांढरं पान आलं.

"नवं हाय तं बिघडलं कसं?" गुलाबरावांनी विचारलं.

"सॉफ्टवेअर ठीक हाय, काका."

गुलाबराव पिंपळगाव राजातल्या शेतकरी गटाचे अध्यक्ष. बीटी कपाशी बोंडअळीने पोखरली त्या साली गावातल्या एकशे शहाऐंशी जणांनी बियाण्याविरुद्ध तक्रार केली होती. त्यांचे कागद संगणकात सांभाळायचं काम समीनाकडे आलं, कारण गटात संगणक शिकलेली ती एकटीच. एका कंपनीवाल्याने विकतचं सॉफ्टवेअर दाखवलं, तेव्हा गुलाबरावांनीच विचारलं होतं, "हे बी बियान्यावानी दरसाली इकत घ्या लागते का?" लागणार होतं. मग समीना ओपन सोर्सच्या मागे लागली. फुकट, आपल्याच संगणकात राहणारं, कुणाला मधेच बंद करता न येणारं. पहिलं मराठी अक्षरं ओळखेना. दुसरं गटाच्या जुन्या संगणकावर धापा टाकत थांबे. तिसऱ्यात चुकून पुसलेला कागद परत मिळायची सोय नव्हती. लोक म्हणत, घे कोनतंही. ती म्हणे, थांबा, एकदाच निवडायचं आहे तर नीट निवडू. तोवर कागद घरी जपून ठेवा.

त्यात दोन वर्षं गेली. चौथं सगळ्या कसोट्यांना उतरलं. येत्या गुरुवारी चौकशी समितीपुढे सुनावणी होती, म्हणून सकाळीच गावात निरोप फिरला की कागद घेऊन या. जनकाबाई सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.

समीनाने पावती उचलून खिडकीशी धरली. दुकानातल्या मशीनमधून निघते तशी गुळगुळीत पट्टी. वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही, तारीख नाही. वरच्या कोपऱ्यात एक राखाडी रेघ तेवढी उरली होती.

"मावशी, हे उन्हात राह्यली व्हती का?"

"नाही वं. तुनं देल्ल्या पन्नीतून एक डाव बी काढली नाही. पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवली व्हती."

"दुकानदार दुसरी देईन ना?" गुलाबराव म्हणाले आणि स्वतःच थांबले. ते दुकान मागच्या साली बंद झालं होतं.

समीनाने इंटरनेटवर शोधलं. असली छपाई प्लास्टिकच्या पन्नीत ठेवली की लवकर उडून जाते, असं तिथे सरळ लिहिलेलं होतं. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पन्न्यांचा गठ्ठा तिनेच खामगावहून आणला होता. घरोघर जाऊन, पावती आत कशी सरकवायची तेही तिनेच दाखवलं होतं.

"काका," ती म्हणाली, "हे माह्यानं झालं. पन्नीनं अक्षरं उडाली. अन् मी दोन वर्षं..."

 गुलाबराव दाराकडे पाहत होते. ओट्यावर माणसं जमत होती. ज्याच्या त्याच्या हातात पन्नी होती.

जनकाबाईंना सगळं समजलं नसावं, पण समीनाचा चेहरा त्यांना समजला. त्यांनी पदराने तिचं कपाळ टिपलं, जसं तापातल्या पोरीचं टिपावं.

"मंग आता याचं काय करतं?"

"काहीच नाही करता येत, मावशी."

"नाही कसं? टाक त्याच्यात. माहं बी नाव असू दे."

समीनाने जनकाबाईंच्या नावाखाली पांढरं पान घातलं. सॉफ्टवेअरने ते विनातक्रार घेतलं, तारीख नोंदवली, क्रमांक दिला, एक. तिने नाव शोधून पाहिलं. पापणी लवायच्या आत पान समोर आलं.

"सांगू का बाहेर?" गुलाबरावांनी हळू आवाजात विचारलं.

समीनाने उत्तर द्यायच्या आधीच शेषराव आत आले. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या. पावती त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

"जशीच्या तशी हाय," ते म्हणाले. "पोरायले हात बी लावू देल्ला नाही."

समीनाने ती घेतली आणि स्कॅनरचं झाकण उघडलं.