मोजणी चालू असताना

जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहिलं आहे: चपला आत आणा. बाहेर ठेवल्या तर आम्ही जबाबदार नाही.

*

खालच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन सुरू झाली की वरच्या टेबलावर पेल्यातलं पाणी थरथरतं.

*

जयमाला आरशात बघून म्हणते, "सोळा वर्षं घरी होते." आवाज शेवटी खाली जातो. पुन्हा म्हणते. पुन्हा खाली जातो.

*

एक माणूस बंद दारासमोर उभा आहे. दाराला कुलूप नाही, कडी नाही. नुसतं लोटलेलं आहे.

*

चाकणच्या एका कारखान्यात वेल्डरची जागा रिकामी आहे. एकच.

*

दारासमोरचा माणूस विलास. वय अडतीस, परभणीकडचा. भोसरीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर होता. भाड्याच्या खोलीवर झालेल्या मारामारीत त्याच्या हातून सोबत राहणारा गेला. नऊ वर्षं तुरुंग. सुटून चौदा महिने झाले होते. अकरा गेटांवर पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागितला गेला आणि अकरा वेळा तो गेटवरूनच परत फिरला.

पहिल्याच दिवशी त्याने सुमनताईंना सांगितलं होतं, "आता नाही जमलं तर गावाकडं जावं लागंल. बहिणीच्या घरी किती दिवस राहू?"

"मग जा की. गाव वाईट आहे का?"

"गाव चांगलं हाय ताई. पण गेलेला माणूस आमच्याच गावचा. त्याची आई समोरच्या घरात राहते. आमचं दार उघडलं की तिचं दार."

सुमनताईंनी त्याच्या हातात कागद दिले. खाली जाऊन झेरॉक्स आणायला सांगितलं.

त्यांची पद्धतच तशी. सव्वीस वर्षं एका कंपनीच्या टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीवर काढलेली बाई. निवृत्त झाल्यावर भोसरीत वर्कशॉपवरची ही खोली घेतली. ज्यांना कोणी कामाला ठेवत नाही, त्यांना इथे तयार करतात. पण पहिले तीन दिवस काहीही शिकवत नाहीत. कामं सांगतात आणि बघत बसतात. माणूस कुठे अडतो ते विचारून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

विलास दाराशी अडत होता.

तिसऱ्या दिवशी तो वीस लिटर पाण्याचा जार खांद्यावर घेऊन लोटलेल्या दारासमोर उभा राहिला. हाक नाही, टकटक नाही. मागून जयमाला जिना चढून आली. सोळा वर्षं घर सांभाळून आता तीही नोकरी शोधत होती.

"अहो भाऊ, दार चावतं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग?"

"दाराला आपण हात लावायचा नसतो. ते उघडतात." मग स्वतःच्याच लक्षात आलं असावं. "म्हंजे तिथं."

जयमालाने दार ढकललं. त्या दिवशी तिने आणखी थट्टा केली नाही, आणि तिच्यासाठी ती मोठी गोष्ट होती.

सुमनताई आत बसून सगळं ऐकत होत्या. संध्याकाळी निघताना त्यांनी खोलीची किल्ली विलासच्या हातावर ठेवली.

"उद्यापासून तू उघडायचं. जयमाला साडेनऊला येते. तिला जिन्यात उभी ठेवलीस तर ती काय बोलेल ते मी ऐकणार नाही."

"ताई, माझ्याकडं किल्ली?"

"का? वेल्डरला कुलूप जड झालं?"

दुसऱ्या दिवशी तो आठ वाजता आला. जयमाला आली तेव्हाही जिन्यातच होता, किल्ली मुठीत. ती शेजारी पायरीवर बसली आणि आरशाविनाच म्हणायला लागली, "सोळा वर्षं घरी होते. सोळा वर्षं घरी होते." दहा-बारा वेळा झाल्यावर विलास म्हणाला, "बाई, थांबा. उघडतो."

*

सराव. मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या जागी जयमाला. टेबलापलीकडे बसते, चष्मा नाकावर ओढते आणि तिला भलताच चेव येतो.

पहिल्यांदा:
"मधली नऊ वर्षं काय करत होतात?"
"बाहेरगावी होतो."
"कुठल्या गावी? जत्रेला?"

चौथ्यांदा:
"नऊ वर्षं?"
विलास खाली बघतो. लेथ चालू. पाणी थरथरतं.

नवव्यांदा तो सांगतो, पण इतकं लांबण लावून की जयमाला जांभई देते. साहेब म्हणून की खरीच, कळत नाही.

सुमनताई मध्ये पडतात. "विलास, पहिल्या दोन मिनिटांत सांगायचं. उशिरा सांगितलंस तर समोरच्याला वाटतं, आपण पकडलं. आधी सांगितलंस तर तूच सांगितलेलं असतं. आणि सांगून झालं की गप्प बसायचं. पुढचं त्यांना बोलू दे."

"त्यांनी हाकललं तर?"

"तर तू पायांनी चालत बाहेर येशील. पळत नाही."

सतराव्यांदा:
"माझ्या हातून माणूस मेला. नऊ वर्षं शिक्षा झाली, पूर्ण भोगली. तिथल्या कारखान्यात लोखंडाचंच काम केलं. सीओटू वेल्डिंग चांगलं जमतं. बघून घ्या."

जयमालाने चष्मा काढला. "या की मग कामावर," ती म्हणाली, आणि पदराने काचा पुसत राहिली.

*

चाकण. मुलाखत सुमनताईंनी ओळखीतून ठरवलेली, म्हणून गेटवर कागद मागितला गेला नाही. निरंजन साहेब तिशीतला, टेबलावर दोन फोन. विलासने टकटक केली, दार उघडलं, बसला, सांगितलं. दुसरं मिनिटही सरलं नसेल.

निरंजनने अर्ज उलटा ठेवला. मग म्हणाला, "चला, हात बघू."

शॉपमध्ये त्याला दोन पट्ट्या जोडायला दिल्या. विलासने वेल्डिंगचा मुखवटा खाली घेतला. पहिला जॉब झाला. निरंजनने वाकून पाहिलं, सुपरवायझरला दाखवलं. सुपरवायझर फक्त "हं" म्हणाला. "अजून एक मारा," निरंजन म्हणाला.

दुसरा अर्ध्यावर होता तेव्हा भोंगा वाजला. आगीची रंगीत तालीम. मशीन बंद करून सगळे बाहेर निघाले, तसा विलासही निघाला. अशा वेळी जमायच्या जागेच्या हिरव्या फलकाखाली सव्वाशे माणसं जमली. सिक्युरिटीचा हवालदार बोट नाचवत मोजायला लागला. एक, दोन, तीन.

विलास उकिडवा बसला.

हात गुडघ्यांवर, मान खाली, शेजारच्याशी जोडी लावून. नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ मोजणीला असंच बसलेला. मोजणारं बोट दिसलं आणि गुडघे आपसूक वाकले. सुमनताईंनी दार पाहिलं होतं, आवाज पाहिला होता. पण त्यांच्या खोलीत माणसं कोणी मोजतच नव्हतं.

शेजारचा दोन पावलं सरकला. मागे कोणीतरी कुजबुजलं, "आत जाऊन आलाय राव हा." कुजबूज पसरली. सव्वाशे उभ्या माणसांत एक बसलेला.

खाली विलासला स्वतःची चप्पल दिसत होती आणि पुढच्यांचे सेफ्टी बूट. पलीकडे गेट होतं, उघडं.

तो उठला. पँट झटकली. गेटकडे नाही, निरंजनच्या समोर गेला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "साहेब, तिथली सवय हाय. जायला वेळ लागंल. कामात आड नाही येणार."

आणि गप्प राहिला.

हवालदार जवळ आला. "साहेब, रजिस्टरपेक्षा एक जास्त भरतोय."

निरंजनने विलासकडे पाहिलं, मग सुपरवायझरकडे. सुपरवायझरने खांदे उडवले आणि म्हणाला, "साहेब, जॉब चांगला मारलाय त्यानं."

"व्हिजिटर लिहा," निरंजन हवालदाराला म्हणाला. "आजच्यापुरतं."

मग विलासला, "तीन महिने बघणार. पटलं नाही तर तोंडावर सांगेन. आता जा, तो अर्धा राहिलाय तो पुरा करा."

*

बसस्टॉपवरून त्याने सुमनताईंना फोन लावला. सगळं सांगितलं, बसलो तेही.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं रे."

"कसं येणार ताई? तुमी कुठं आत गेल्ता?"

"पहिली शिफ्ट का दुसरी?"

"दुसरी. सोमवारपासनं."

*

सुमनताईंनी ही खोली घेतली तेव्हा पहिले एकोणीस दिवस इथे एकही माणूस आला नव्हता, तरी त्या रोज दार नुसतं लोटून आत बसत.