जीवरामच्या नावाचं पाणी

"घागर नही," बेबाबाई म्हणाली आणि चूल फुंकत बसली.

दारात शालिग्राम उभा होता. नगरपालिकेच्या अतिक्रमण पथकाचा मुकादम. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी अख्खं धुळं पालथं घालून कुंभारवाड्यात आला होता. बाप चैत्रात वारलेला. पहिल्याच आखाजीला घागर भरली नाही, तर बाप दारातून तहानलेला परत जाणार. आणि घागर मिळणार कुठून? दवाखान्याच्या रस्त्यावरच्या बाजारातल्या साऱ्या घागरी यानेच परवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळल्या होत्या. हिंड मेल्या आता गावभर, असं बेबाबाईला झालं होतं. परवापासून तिला याच माणसाला चार शब्द सुनवायचे होते.

"ती एक दिसतेय की, मावशी."

"ती मन्हा मालकनी शे."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोर ना बाळ, त्याची घागर तीच भरायची.

शालिग्राम उंबऱ्याबाहेर टेकला. "आबांना रिक्षातून दवाखान्यात नेत होतो. तुमच्या घागरी, डांगर-खरबुजांचे ढीग, हातगाड्या. रिक्षा हललीच नाही. आबा तिथंच गेले. रस्ता मोकळा नको करायला?"

बेबाबाईची फुंकणी थांबली. हे तिला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही.

"करना व्हता. कोन नही म्हने?" ती म्हणाली. "मी हात जोडात. म्हणनू, घटकाभर थांब, घागरी उचली लेस. तू थांबना का? हिवाळाभर माती तुडावी मी. तू एक घडीमा बठ्ठं खापर करी टाकं."

"चुकलं, मावशी. पाया पडतो."

तिनं फुंकणी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बापनं नाव काय?"

"जीवराम."

तिनं नवऱ्याची घागर भरली, तोंडावर डांगर ठेवलं. निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास आणि तूप टाकून नवऱ्याच्या नावानं पाणी सोडलं. मग दुसरा घास घेतला.

"जीवरामआबा, पानी प्या."

शालिग्रामनं घाईनं चपला काढल्या, बापाला पाणी सोडायला ओंजळ पुढं केली आणि आत पाऊल टाकलं.

"भायेरच थांब," बेबाबाई म्हणाली. "आबासनी मन्हं काही बिघाडं नही. त्या मन्हा घर पानी पितीन. तुन्हा हातनं नही."

तो उंबऱ्याबाहेर रिकामी ओंजळ धरून उभा राहिला. आत निखाऱ्यावर तूप चरचरत होतं.